शेरा

वॉल्व्हिस बेच्या मिठागरात तीन नंबरचा पंप
पहाटे चारच्या सुमारास बंद पडायचा.
ड्राइव्हच्या इवल्याशा पडद्यावर ई-एकवीस.
पॅनेलच्या दाराला चिकटवलेल्या तक्त्यात अर्थ:
जमिनीकडे गळती.
मी रीसेट दाबायचो,
कधी एकदा, कधी चारदा.
पंप कण्हायचा, उठायचा,
समुद्र पुन्हा वाफ्यांत यायला लागायचा
आणि मी रजिस्टरात लिहायचो:
४.१०. ई-एकवीस. रीसेट. चालू.

दुसऱ्या पहाटे येरे माझ्या मागल्या.

विंडहुकहून माणसं यायची ती दिवसा.
दहापर्यंत ऊन सगळीकडून हात फिरवून गेलेलं असायचं,
त्यांच्या मीटरवर सगळं ठणठणीत.
ड्राइव्ह म्हातारा झालाय, म्हणाले.
नवा बसवला.
नव्यानेही पाचव्या पहाटे तेच सांगितलं.
मग म्हणाले, रात्रपाळीवाला काहीतरी करत असेल.
येरेमिया, आमचा मुकादम,
माझ्याकडे न बघता
बुटाच्या टोकाने मीठ उकरत राहिला.

तुयेनी आली संध्याकाळी,
ब्लँकेट, थर्मास आणि मेगर घेऊन.
दुखणं रात्रीचं, मग मी दिवसा येऊन काय करू?
तिने पॅनेल उघडलं नाही. रजिस्टर मागितलं.
ह्याला शेवटची दहाच दुखणी आठवतात, म्हणाली,
तुझ्याकडे किती आहेत?

त्र्याहत्तर.

पण मला लाज वाटली ती शेऱ्याच्या रकान्याची.
तो कुणी वाचत नाही, म्हणून तिथे मी
जागं राहण्यासाठी काहीबाही लिहायचो:
जहाजांचे दिवे दिसत नाहीत.
दिवे अंधुक. कोल्हा आला होता, माझी भाकरी नेली.
दिवे स्वच्छ. ओंडांग्वाहून आईचा फोन नाही.
दिवे अजिबात नाहीत.
ती बोट फिरवत गेली, पानामागून पान.
दिवे स्वच्छ दिसले त्या पहाटे
पंप पडला नव्हता.
एकदाही नाही.

चार वाजता धुकं आलं,
दाराखालून, कुणी हाक मारल्यासारखं.
ई-एकवीस.
माझा अंगठा निघालाच होता,
तिने मनगट धरलं:
तो खरं बोलतोय रे. त्याला गप्प का करतोस?

मेन बंद केला, स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात.
मग दहा मिनिटं चहा.
बंद झाल्यावरही ह्याच्या पोटात वीज राहते, म्हणाली,
माझा बाप भांडणानंतर असाच असायचा.
मोटरच्या तारा सोडवल्या, ड्राइव्ह सुरू केला:
एकटा, निवांत चालला, कोणासाठीच नाही.
पुन्हा बंद. पुन्हा कुलूप. पुन्हा दहा मिनिटं.
मग टॉर्च घेऊन आम्ही पंपाकडे गेलो.

मोटरच्या डब्यात केबल वरून शिरत होती.
ग्लँड जेमतेम अर्धा आटा ढिला.
धुक्याचे थेंब केबलवरून
एकामागून एक, रांग न मोडता,
आत उतरत होते.
इथे पाणी मुरतंय, ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच ही म्हण नव्हती.
मेगरचा काटा शून्यापाशी निजलेला.

दहा वाजता तिने येरेमियाला डबा दाखवला.
कोरडा. फक्त टर्मिनलांभोवती
नखाएवढी पांढरी रेघ.
येरेमियाने ती बोटाने टिपली, चाखली,
टोपी काढून पुन्हा घातली.

आता केबल खालून येते, आधी एक झोका घेऊन,
थेंब त्या झोक्याच्या तळाशी लोंबतात
आणि वाळूत पडतात.
तुयेनीने फॉर्मवर माझं नाव लिहिलं की नाही,
माहीत नाही. विचारलं नाही.

काल पुन्हा दाट धुकं.
चार वाजले, सव्वाचार.
पंप चालूच.
मी पॅनेलसमोर उभा,
अंगठ्याला काय काम द्यावं ते कळेना.
रजिस्टरात लिहिलं:
दिवे दिसत नाहीत.
मग खोडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.